वाचक विचारतात : क्लिफ रिचर्ड, आईवडिलांनाही चालणारा तारा

मागील अंकातील साठच्या दशकातील इंग्रजी गाण्यांवरच्या लेखात ब्रिटिश गायक क्लिफ रिचर्डचा उल्लेख ओझरता आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे त्याच्याचविषयी होती. म्हणून या वेळी सदराची सर्व जागा त्याला दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

क्लिफ रिचर्ड हा जन्माने भारतीय आहे, असे आमच्या कट्ट्यावर एका मित्राने ठामपणे सांगितले. यात तथ्य किती? (एक वाचक, पुणे)

त्याचा जन्म भारतातला आहे, मात्र कुटुंब ब्रिटिश होते. हॅरी रॉजर वेब हे त्याचे पाळण्यातले नाव. १४ ऑक्टोबर १९४० रोजी लखनौमधील किंग जॉर्ज रुग्णालयात तो जन्मला. वडील रेल्वेगाड्यांना खानपान पुरवणाऱ्या केलनर कंपनीत नोकरीला होते आणि पुढे बिऱ्हाड कोलकात्याजवळ हावड्याला गेले. घरी नोकरचाकर होते आणि दिवस सुखाचे होते. स्वातंत्र्यानंतर हे सारे बदलले आणि १९४८ मध्ये हे कुटुंब ‘रांची’ नावाच्या जहाजाने तीन आठवड्यांचा प्रवास करून इंग्लंडमधील टिलबरी बंदरात उतरले.

तिथे पुढ्यात जे आले ते अगदी उलटे होते. नातेवाइकांच्या आधाराने एकेका खोलीत दिवस काढावे लागले आणि लंडनच्या उत्तरेला चेशंट येथे नगरपालिकेचे घर मिळेपर्यंत कित्येक महिने ओढगस्तीत गेले. उन्हाने रापलेल्या वर्णाच्या या मुलाला शाळेतील पोरे भारतावरून चिडवत. शाळा सुटल्यावर तो दिव्यांच्या कारखान्यात कारकून म्हणून लागला. पुढे जन्मभर टिकलेली त्याची शिस्त, वेळेवर हजर राहणे आणि पैशाच्या बाबतीतील सावधपणा यांचे मूळ मला या वर्षांत दिसते. हातचे सगळे गेलेले घर ज्याने लहानपणी पाहिले आहे, तो सहसा उधळ्या होत नाही.

तो सुरुवातीपासूनच इतका सालस होता, की ती प्रतिमा रेकॉर्ड कंपनीने आणि व्यवस्थापकांनी घडवली? (एक निवृत्त शिक्षिका, सांगली)

प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे आणि त्याला सविस्तर उत्तर द्यावे लागेल, कारण ज्याला आज सगळे सुतासारखा सरळ मानतात, तो गायक प्रथम लोकांसमोर आला तेव्हा इंग्लंडमधील वर्तमानपत्रांना तो चक्क असभ्य वाटला होता.

१९५८ साली सतरा वर्षांचा हॅरी अमेरिकन रॉक अँड रोल गायक एल्विस प्रेस्लीच्या नादाने गिटार घेऊन लंडनच्या सोहो भागातील ‘टू आइज’ या कॉफी बारच्या तळघरात गात असे. डर्बीशायरमधील एका कार्यक्रमाच्या आयोजकाला ‘हॅरी वेब’ हे नाव जाहिरातीसाठी फारच मिळमिळीत वाटले. त्यातून ‘क्लिफ रिचर्ड’ निघाले. ‘रिचर्ड्स’ या आडनावातला शेवटचा ‘स’ लावला नाही, तो लिटल रिचर्ड या अमेरिकन गायकाची आठवण राहावी म्हणून. त्याच्या ‘ड्रिफ्टर्स’ या साथीच्या चमूत इयन सॅमवेल नावाचा मुलगा होता. क्लिफच्या घरी तालमीला जाताना त्याने ग्रीन लाइनच्या बसमध्ये बसल्या बसल्या एक गाणे लिहिले, ते म्हणजे ‘मूव्ह इट’. कडवे एकच सुचले होते, त्यामुळे रेकॉर्डवर तेच पुन्हा म्हटले आहे. एवढ्या घाईत जन्मलेले हे गाणे अमेरिकेबाहेर तयार झालेले पहिले अस्सल रॉक अँड रोल होय, असे मानणारे जाणकार पुष्कळ आहेत आणि मीही त्यांच्यातलाच आहे.

आता प्रतिमेकडे वळू. कंपनीने रेकॉर्डच्या मुख्य बाजूला एक अमेरिकन धर्तीचे गोडगोड गाणे घेतले होते आणि ‘मूव्ह इट’ मागच्या बाजूला टाकले होते. ‘ओह बॉय’ या टीव्ही कार्यक्रमाचा निर्माता जॅक गुड याने मागची बाजू ऐकली आणि गायचे असेल तर हेच गाणे, अशी अट घातली. त्याचबरोबर त्याने मुलाला कल्ले काढायला लावले आणि हातातली गिटार खाली ठेवायला सांगितली, कारण ती दोन्ही एल्विसची उसनवारी होती. कुठे थांबायचे, कॅमेऱ्याकडे कोणत्या क्षणी पाहायचे, ओठाला किती मुरड घालायची हे गुडने अक्षरशः घोटून घेतले. परिणाम असा झाला, की गाणे विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले आणि त्याच्या कंबर हलवण्यावर वृत्तपत्रांत टीकेची झोड उठली. आपल्या मुलांनी असले काही पाहू नये, असा त्या टीकेचा सूर होता. म्हणजे पहिली जी प्रतिमा घडवली गेली ती सालसपणाची नव्हती, ती खट्याळपणाची होती, आणि तीही तितकीच घडवलेली होती.

वळण आले ते १९५९ च्या उन्हाळ्यात. एका चित्रपटासाठी लायनेल बार्टने लिहिलेले ‘लिव्हिंग डॉल’ हे गाणे क्लिफला मुळीच आवडले नव्हते. ते द्रुत लयीतले, ठोकळेबाज रॉक होते. रेकॉर्ड काढणे करारामुळे टळत नव्हते, तेव्हा चमूतील गिटारवादक ब्रूस वेल्च याने ते संथ करून अमेरिकन ग्रामीण गाण्याच्या वळणाने म्हणण्याची कल्पना काढली. ते सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि दहा लाखांहून अधिक खपले. पोरींच्या किंकाळ्या होत्याच, पण आता त्यांच्या आया आणि आज्याही दुकानात जाऊन रेकॉर्ड मागू लागल्या. हे पाहिल्यावर त्याचे निर्माते नॉरी पॅरामोर यांनी पुढची दिशा नक्की केली असावी, असे रेकॉर्डची यादी चाळली तरी लक्षात येते. मधाळ, संथ, घरात सर्वांसमोर ऐकता येईल अशा गाण्यांचे प्रमाण तेथून वाढत गेले.

चित्रपटांनी उरलेले काम केले. ‘द यंग वन्स’मध्ये तो एका गडगंज बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा आहे. बाप तरुणांच्या क्लबची जागा बळकावतो आहे आणि मुलगा गाण्याचा कार्यक्रम करून ती वाचवू पाहतो. बापाविरुद्ध उभा राहिलेला हा मुलगा त्याच्याशी एकदाही तुसडेपणाने बोलत नाही, आणि शेवटी बापही त्याच्या बाजूला येतो. याच नावाच्या गाण्याला १९६२ च्या जानेवारीत पाच लाखांवर आगाऊ मागणी नोंदली गेली होती. ‘समर हॉलिडे’मध्ये लंडनच्या बसदुरुस्ती कारखान्यातील चार मेकॅनिक लाल दुमजली बस घेऊन थेट अथेन्सला निघतात. सगळी धमाल आहे, पण दारूचा धिंगाणा नाही, मारामारी नाही आणि चुंबनेही मोजूनमापून आहेत. त्या काळचे इंग्लंड रेशनच्या दिवसांतून नुकतेच बाहेर पडले होते, मुलांच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा पगार खुळखुळत होता आणि पालकांना तोच पैसा कुठे जातो याची धास्ती होती. दोघांनाही चालेल असा नायक हवा होता आणि तो या पोराच्या रूपाने मिळाला.

एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. १९५९ च्याच ‘एक्स्प्रेसो बाँगो’ या चित्रपटात क्लिफने एका नवख्या गायकाची भूमिका केली होती. त्यातील लबाड दलाल त्या गायकाचा भाव वाढवण्यासाठी त्याला मुद्दाम भाविक गाणे गायला लावतो. म्हणजे सोज्ज्वळपणा कसा विकायचा असतो, याचा धडा क्लिफने आधी पडद्यावर गिरवला होता आणि खरीखुरी धार्मिकता त्याच्या आयुष्यात पुढे सात वर्षांनी आली. म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की प्रतिमा इतरांनी घडवली खरी, पण १९६६ नंतर त्याने ती आपखुशीने स्वीकारली आणि मग ती सोडायला तो बाजाराच्या दबावानेही तयार झाला नाही.

बीटल्स आल्यावर त्यांच्या आधीचे बहुतेक गायक पालापाचोळ्यासारखे उडून गेले. हा कसा टिकला? आणि ऐन भरात धर्माकडे वळल्याने त्याचे नुकसान झाले नाही काय? (दोन वाचक, नागपूर व ठाणे)

नुकसान झाले आणि तरीही तो टिकला. बीटल्सच्या उदयानंतर तो लगेच मागे पडला नाही. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रित केलेले ‘द मिनिट यू आर गॉन’ १९६५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले होते. तरुणांची फॅशन मात्र बदलली होती. केस वाढले, गाण्यात बंडाची आणि नशेची भाषा आली आणि नीट भांग पाडलेला हा मुलगा वयाच्या पंचविशीतच जुना वाटू लागला. नेमक्या याच सुमारास, जून १९६६ मध्ये, लंडनच्या अर्ल्स कोर्ट सभागृहात अमेरिकन ख्रिस्ती धर्मप्रचारक बिली ग्रॅहम यांच्या सभेत व्यासपीठावर उभे राहून त्याने आपण ख्रिस्ती श्रद्धेचा स्वीकार केल्याचे जाहीर केले. गाणे सोडून शाळेत धर्मशिक्षण देणारा शिक्षक व्हावे, असे त्याने मनाशी ठरवलेही होते. तू जिथे आहेस तिथे राहूनच तुझे म्हणणे अधिक लोकांपर्यंत जाईल, असे त्याच्या श्रद्धावान मित्रांनी समजावल्यावर तो थांबला.

त्यानंतरची दहा वर्षे चढउताराची आहेत. १९६८ मध्ये ‘काँग्रॅच्युलेशन्स’ घेऊन तो युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये उतरला आणि स्पेनकडून केवळ एका गुणाने हरला, २९ विरुद्ध २८. गाणे मात्र युरोपभर गाजले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर परिस्थिती अशी आली, की रेकॉर्ड खपेनात. त्याच दिवसांतील एक प्रसंग त्याचा स्वभाव दाखवतो. १९७५ मध्ये ‘हाँकी टाँक एंजल’ हे गाणे बाजारात आले. शीर्षकाचा रोख देहविक्रय करणाऱ्या स्त्रीकडे आहे, हे कोणीतरी नंतर त्याच्या लक्षात आणून दिले. एका यशाची नितांत गरज असताना त्याने ते मागे घ्यायला लावले आणि दुकानांतून रेकॉर्ड परत गेल्या. कोणी याला भाबडेपणा म्हणेल. मला यात भाबडेपणा आणि करारीपणा दोन्ही दिसतात. गाण्याचा अर्थ न समजता ते ध्वनिमुद्रित करणे हा भाबडेपणा, आणि तोटा सोसून ते परत घेणे हा करारीपणा.

दुसऱ्याच वर्षी ब्रूस वेल्चच्या निर्मितीखाली ‘आय ॲम निअरली फेमस’ हा अल्बम आला. शीर्षकातच स्वतःची थट्टा होती, ‘आता मी जवळजवळ प्रसिद्ध झालो आहे’ अशी. त्यातील ‘डेव्हिल वुमन’ या गाण्यात गिटारची धार होती आणि आवाजात कितीतरी वर्षांनी जोर होता. १९७९ मध्ये ॲलन टार्नीने लिहिलेले ‘वी डोन्ट टॉक एनीमोअर’ चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तो मान त्याला अकरा वर्षांनी मिळत होता. ऐंशीच्या दशकात ‘वायर्ड फॉर साउंड’च्या चित्रफितीत चाळिशी ओलांडलेला क्लिफ कानाला वॉकमन लावून चाकांच्या बुटांवर घसरत जाताना दिसतो. १९८६ मध्ये एका विनोदी मालिकेच्या कलाकारांनी त्याची यथेच्छ टर उडवत ‘लिव्हिंग डॉल’ त्याच्याबरोबर पुन्हा गायले, आणि धर्मादाय कामासाठी काढलेली ती रेकॉर्डही पहिली आली.

टिकण्याचे कारण विचाराल तर मी तीन गोष्टींकडे बोट दाखवीन. चांगला गीतकार दिसला, की त्याचे गाणे निमूटपणे उचलायचे, त्यात अहंकार आणायचा नाही. आवाज जपायचा, म्हणून व्यसनांपासून दूर राहायचे. आणि ज्या मुलींनी १९५९ मध्ये किंकाळ्या मारल्या त्याच पुढे आया झाल्या, तरी त्यांना कधी लाज वाटेल असे वागायचे नाही. १९५० पासून १९९० पर्यंतच्या पाचही दशकांत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकाचे गाणे असलेला तो एकमेव गायक आहे. अशी त्याची एकूण १४ गाणी आहेत आणि तेथील सिंगल्सच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या रेकॉर्डच्या, विक्रीत एल्विस व बीटल्स यांच्यानंतर त्याचाच क्रम लागतो.

एवढे असूनही अमेरिकेत त्याचे नाव का झाले नाही? (एक वाचक, बोस्टन)

ज्या देशात एल्विस, रिकी नेल्सन आणि पॅट बून आधीच होते, तिथे चौथा सुंदर, सभ्य मुलगा कोणाला हवा होता? १९६० मध्ये तो अमेरिकेत दौऱ्यावर गेला, सभागृहांत त्याचे स्वागत चांगले झाले, पण रेकॉर्डची जाहिरात करणारे पाठबळ त्याला तिथे नव्हते. १९६४ मध्ये अमेरिकेने इंग्रज गायकांसाठी दरवाजे उघडले तेव्हा तिला लांब केसांचे, हजरजबाबी, थोडे उद्धट इंग्रज हवे होते. त्यात हा बसत नव्हता. पुढे ‘डेव्हिल वुमन’ तिथे सहाव्या आणि ‘वी डोन्ट टॉक एनीमोअर’ सातव्या क्रमांकापर्यंत गेले. ते यश कमी नव्हे, पण तोवर तो चाळिशीला टेकला होता.

त्याने लग्न का केले नाही? त्याच्यावर झालेल्या आरोपांचे पुढे काय झाले? (काही वाचक)

पहिला प्रश्न त्याला पत्रकार गेली साठ वर्षे विचारत आले आहेत. टेनिसपटू सू बार्कर हिच्याशी १९८२ च्या सुमारास त्याचे नाव जोडले गेले होते, पण तो अविवाहित राहिला. त्यापलीकडे तर्क करण्याचे या सदराला कारण नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्पष्ट द्यायला हवे, कारण अर्धवट माहिती अजून फिरते. ऑगस्ट २०१४ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या एका जुन्या तक्रारीवरून पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली आणि बीबीसीने ती हेलिकॉप्टरमधून थेट प्रक्षेपित केली. त्याला कधीही अटक झाली नाही आणि त्याच्यावर आरोपपत्रही ठेवले गेले नाही. २०१६ मध्ये पुराव्याअभावी प्रकरण बंद झाले. खासगीपणाच्या भंगाबद्दल त्याने बीबीसीवर दावा लावला आणि जुलै २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देऊन २,१०,००० पौंडांची भरपाई मंजूर केली. स्वच्छ नावावर ज्याची सगळी पुण्याई उभी आहे, अशा माणसाला ती चार वर्षे कशी गेली असतील याची कल्पना करता येते.

पाचगणीच्या शाळेशी त्याचा काही संबंध होता असे वाचले. तो तिथे शिकला काय? (एक माजी विद्यार्थी, सातारा)

तो तिथे शिकला नाही, मात्र त्याची गाणी तिथे जरूर वाजली. झांझिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकायला आलेला फारोख बल्सारा, म्हणजे पुढे ‘क्वीन’ या ब्रिटिश चमूचा गायक झालेला फ्रेडी मर्क्युरी, याने पन्नासच्या दशकाच्या अखेरीस शाळूसोबत्यांना घेऊन ‘हेक्टिक्स’ नावाचा चमू काढला होता. ही मुले प्रामुख्याने लिटल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्ड यांची गाणी वाजवीत. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या वसतिगृहातील मुलांपर्यंत त्या वेळी लंडनची गाणी किती लवकर पोहोचत होती, हे यावरून दिसते.

या कथेला उत्तरार्धही आहे. ऐंशीच्या दशकात लंडनच्या डॉमिनियन थिएटरमध्ये ‘टाइम’ हे संगीतनाटक दोन वर्षे चालले. प्रारंभी त्याचा नायक क्लिफ होता आणि नाटकाच्या अल्बमसाठी फ्रेडीनेही गाणी म्हटली होती. एप्रिल १९८८ मध्ये एड्सग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या खास प्रयोगात दोघे एकाच रंगमंचावर एकत्र गायले. एक नाकासमोर चालणारा आणि दुसरा वाऱ्यालाही न जुमानणारा. पाचगणीतल्या त्या पोराने ज्याची नक्कल करत गिरवणे सुरू केले, त्याच्याच शेजारी तो त्या दिवशी उभा होता.

मी विशीतला आहे. आजीकडून त्याचे नाव ऐकले आहे. कुठून सुरुवात करू? (एक विद्यार्थी, मडगाव)

‘मूव्ह इट’पासून, आणि आवाज जरा मोठा ठेवून. त्यानंतर ‘द यंग वन्स’ ऐकावे. तिथे गायकापेक्षाही हँक मार्विनच्या गिटारकडे लक्ष द्यावे, कारण क्लिफच्या साथीचा हा चमू, म्हणजे नाव बदललेले ‘शॅडोज’, स्वतंत्रपणेही मोठा होता. इतका, की १९६० मध्ये त्यांच्या ‘अपाची’ने पहिल्या क्रमांकावरून हटवले ते क्लिफच्याच गाण्याला! मग थेट १९७६ वर यावे. ‘मिस यू नाइट्स’ रात्री, दिवे मंद करून, आणि ‘डेव्हिल वुमन’ लगेच त्याच्यापाठोपाठ. एकाच वर्षातल्या या दोन गाण्यांत त्याच्या आवाजाचा सगळा पल्ला आहे. आजी जवळ बसली असेल तर ‘बॅचलर बॉय’ लावावे. ते तिला पाठ असण्याची शक्यता आहे.

नाताळची गाणी मी आग्रहाने सुचवणार नाही. ‘मिसलटो अँड वाइन’ची चाल चिकटते हे कबूल, पण साखर जास्त आहे. १९९९ चे ‘मिलेनियम प्रेयर’ हे ख्रिस्ती प्रार्थनेचे शब्द एका जुन्या स्कॉटिश चालीवर बसवलेले गाणे होते. त्याच्या नेहमीच्या कंपनीने ते काढायला नकार दिला, बहुतेक रेडिओ केंद्रांनी वाजवले नाही, आणि तरी ते तीन आठवडे पहिले राहिले. श्रोते अजून किती निष्ठावान आहेत हे त्यातून सिद्ध झाले, म्हणून ते महत्त्वाचे आहे. ऐकले नाही तरी चालेल.